चाऊस : अरबांचं आडनाव, पण अरबी नव्हे

माझ्या एक्सेल शीटमधला चौथा कॉलम 'आडनाव' हा आहे. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी सगळ्यात कमी वेळ याच कॉलमला दिला. वय विचारताना दोनदा खात्री करून घ्यायची, गाव विचारताना तालुकाही लिहायचा, पण आडनाव? ते माणूस सांगतो आणि आपण लिहितो. त्यात चुकण्यासारखं काय आहे?

तुम्ही सिनॉप्सिस लिहायच्या तयारीत असाल, तर माझी चूक आधीच वाचून ठेवा.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता मराठवाड्यातल्या नात्यातल्या लग्नांवर काम करते. पायलट स्टडीसाठी छत्रपती संभाजीनगर, जालना आणि परभणीत फॉर्म भरून घेतले, आडनावांना कोड दिले आणि हिशेब करायला बसले. एका कोडपाशी आकडा एकदम उसळला. तो कोड होता 'चाऊस'. चाऊस मुलगा आणि चाऊस मुलगी अशी इतकी लग्नं निघाली, की माझ्या सूत्रानुसार ही सगळी माणसं एकमेकांची जवळची चुलत भावंडं असायला हवी होती. मी खूश. पहिल्याच वर्षी काहीतरी सापडलं! गाईडनी शीट पाहिली आणि एवढंच विचारलं, "चाऊस म्हणजे कोण, ते बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. अरबांचं आडनाव आहे, निजामाच्या काळात आलेले लोक, एवढं मराठवाड्यात कुणालाही माहीत असतं. मलाही तेवढंच माहीत होतं.

आधी सूत्र काय ते सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. आडनावांवरून नातं मोजायची पद्धत जुनी आहे. चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज डार्विन यानं १८७५ साली इंग्लंडमधल्या चुलत, आते, मामे, मावस भावंडांच्या लग्नांचा अंदाज काढायला ती वापरली. (प्रश्न घरचाच होता म्हणा. चार्ल्स डार्विनची बायको एमा ही त्याची मामेबहीण.) पुढे १९६५ मध्ये जेम्स क्रो आणि आर्थर मँज यांनी तिला नीट सूत्राचं रूप दिलं. नवरा आणि बायको यांचं जन्माचं आडनाव एकच आहे अशी लग्नं एकूण लग्नांच्या किती प्रमाणात आहेत ते काढा, चारानं भागा, की त्या समाजातल्या अंतःप्रजननाचा अंदाज मिळतो. रक्ताचा थेंबही न घेता, नुसत्या लग्नाच्या रजिस्टरवरून! गरीब संशोधकाला याहून काय हवं?

पण सूत्राच्या पोटात काही गृहीतकं आहेत. आडनाव बापाकडून मुलाकडे न बदलता जातं, हे एक. आणि एका आडनावाची सगळी माणसं मुळात एकाच पुरुषाची संतती आहेत, हे दुसरं. पहिल्यातली गोम मला माहीत होती. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. तिथे नातं सख्ख्या मामाचं असूनही दोघांची आडनावं वेगळी असतात आणि सूत्राला ते लग्न दिसतच नाही. हे मी सिनॉप्सिसमध्ये ऐटीत लिहिलंही होतं. दुसऱ्या गृहीतकाकडे मात्र मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आता शब्दाकडे येऊ. 'चाऊस' हा शब्द एकदा मोठ्यानं म्हणून बघा. पहिलंच अक्षर 'च'. प्रमाण अरबी भाषेत 'च' हा उच्चारच नाही. उर्दू शिकलेल्या कुठल्याही मित्राला विचारा, 'चे' हे अक्षर अरबी लिपीत फारसीसाठी घातलेली भर आहे. म्हणजे पुस्तक न उघडता, नुसत्या कानानं आपल्याला पहिला पुरावा मिळतो: अरबांच्या या आडनावाचा शब्द मुळात अरबी असणं अवघड आहे.

तो तुर्की आहे. 'चावुश' म्हणजे उस्मानी दरबारातला चोपदार, निरोप्या. पुढे सैन्यात खालच्या दर्जाचा अंमलदार. आजच्या तुर्कस्तानच्या सैन्यातही सार्जंटला चावुशच म्हणतात. तुर्कांचं राज्य जिथे जिथे पोचलं, तिथे हा शब्द पोचला. इजिप्तमधल्या अरबांनी त्यातला 'च' आपल्या जिभेला जमेल तसा वळवून 'शावीश' केला. फारसीनं 'चावुश' तसाच ठेवला. बोस्नियात चाउशेविच नावाची घराणी आहेत, ग्रीसमध्ये त्साउसिस. आणि रोमानियाचा हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू, ज्याला डिसेंबर १९८९ मध्ये गोळ्या घातल्या, त्याच्या आडनावातही हाच चावुश बसलेला आहे. माझं सूत्र प्रामाणिकपणे चालवलं असतं, तर परभणीच्या चाऊसांची आणि चाउशेस्कूची भाऊबंदकी निघायला हरकत नव्हती.

हुद्द्याचं आडनाव होणं आपल्याला नवीन नाही. हवालदार, जमादार, सुभेदार, सरनोबत ही आपल्या वर्गातल्या हजेरीपटावरची नावं आहेत. सगळे हवालदार एकमेकांचे भाऊबंद आहेत असं कुणी म्हणालं तर तुम्ही हसाल. 'हवाला' आणि 'जमा' हे शब्द मात्र खरेखुरे अरबी, मागचा 'दार' फारसी. म्हणजे हवालदार हे आडनाव निम्मं अरबी आणि चाऊस अजिबात नाही, असा हा मामला. चाऊस हा शब्द परका वाटतो म्हणून त्यात हुद्दा असेल अशी शंकाच आपल्याला येत नाही. मला तरी आली नव्हती.

मग ही माणसं कोण? बहुतेक सगळी हद्रमौतची. येमेनच्या पूर्वेकडचा हा कोरडा मुलूख, मधून एक लांबलचक दरी, तिच्यात शिबाम, सैऊन, तरीम ही गावं. शेती जेमतेम, भाऊबंदकीच्या लढाया कायमच्या. तिथून माणसं शतकानुशतकं बाहेर पडत राहिली: जावा, सिंगापूर, पूर्व आफ्रिका आणि दख्खन. जावाकडे गेलेल्यांत व्यापारी आणि धर्मपंडितांची नावं जास्त ऐकू येतात. आपल्याकडे आले ते मुख्यतः बंदूक घेऊन.

आणि ते फक्त निजामाकडे आले असं नाही. मराठी कागदांत हा शब्द 'आरब' असा येतो. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीनं अहमदनगर घेतलं तेव्हा पेठेच्या तटावर शिंद्यांच्या बाजूनं आरब लढत होते. १८१७ च्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांचे आरब शहर सोडायला तयार नव्हते. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात पेशव्यांकडून जी तुकडी लढली तिच्यात आरब होते, आणि त्याच वर्षी मालेगावच्या किल्ल्यात इंग्रजांना आठवडेच्या आठवडे अडवून धरणारी शिबंदी आरबांचीच होती. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांना हे लोक आपल्या मुलखात नकोच होते. काहींना समुद्रापार पाठवलं, बरेच निजामाच्या राज्यात सरकले. हे लक्षात ठेवा: आपल्या भागातल्या एखाद्या चाऊस घराण्याचा पूर्वज निजामाच्या आधी पेशव्याचा किंवा भोसल्यांचा पगार खाऊन आलेला असू शकतो. 'निजामानं आणलेले' हे दोन शब्दांचं उत्तर इथेच अपुरं पडतं.

निजामाच्या राज्यात त्यांचं काम काय? खजिन्यावर पहारा, जहागीरदाराच्या वाड्यावर पहारा, वसुलीला निघालेल्या अंमलदाराबरोबर बंदूकधारी. प्रत्येक टोळीचा म्होरक्या जमादार, आणि त्याच्या हाताखाली खालचे हुद्दे, त्यातलाच चाऊस. जमादार नुसता शिपाईगडी राहिला नाही. सरकारची तिजोरी रिकामी, पगार थकलेले. मग जमादारच सरकारला कर्ज देऊ लागले आणि तारण म्हणून तालुक्यांचा वसूल आपल्याकडे घेऊ लागले. १८५३ मध्ये पहिले सालारजंग दिवाण झाले. त्यांच्यापुढचं एक मोठं काम म्हणजे हे गहाण पडलेले तालुके सोडवणं आणि अरब सावकारांची येणी कोर्टाच्या वाटेनं वसूल व्हायला लावणं. तोवर ऋणकोला उचलून आपल्या कोठडीत टाकायची त्यांची पद्धत होती.

माझ्या कॉलमचा खरा निकाल लागला तो इथून पुढे.

हैदराबादच्या या जमादारांपैकी एक होता उमर बिन अवद अल-कुऐती. याफई टोळीतला. त्यानं आणि त्याच्या मुलांनी दख्खनमध्ये मिळवलेल्या पैशावर मायदेशी फौज उभी केली. १८५८ मध्ये शिबाम घेतलं, १८८१ मध्ये मुकल्ला बंदर. त्यातून कुऐती सल्तनत उभी राहिली, ती थेट १९६७ पर्यंत टिकली. आणि त्यांचे शत्रू कोण? काथिरी. हद्रमौतचे जुने सत्ताधारी. काथिरींचा गालिब बिन मुहसिन हाही हैदराबादच्याच नोकरीतून परत गेलेला होता. म्हणजे बघा, अरबस्तानातल्या दोन टोळ्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं भांडण, आणि दोन्ही बाजूंचा दारूगोळा इथल्या पगारातून. आमच्या मराठवाड्यातल्या ज्वारीच्या वसुलातला काही भाग शिबामच्या तटाला लागला असेल, असं मला उगाच वाटत राहतं.

इकडे मात्र याफईही चाऊस आणि काथिरीही चाऊस. तिकडे एकमेकांच्या जिवावर उठलेल्यांना इथल्या लोकांनी एकच हाक मारली. अमूदी, बावजीर ही तर वेगळ्याच, धार्मिक मान असलेल्या घराण्यांची नावं. तीही बाहेरच्याच्या तोंडी चाऊसच. हद्रमौतमध्ये माणूस आपली ओळख आधी टोळीच्या नावानं सांगतो, मग बापाच्या, आजाच्या. तरीमच्या सय्यदांच्या वंशावळ्यांवर एन्गसेंग हो यांचं 'द ग्रेव्हज ऑफ तरीम' हे २००६ सालचं पुस्तक आहे. नाव म्हणजे नुसती खूण नव्हे, परदेशातून घरी परत यायची वाट असते, हे त्यात फार चांगलं कळतं. अशा लोकांना एका खालच्या हुद्द्याच्या नावात गोळा करणं हे त्यांचं स्वतःचं काम असणार नाही. हा माझा तर्क आहे, आणि त्याचा आधार पुन्हा तोच 'च'. अरबांनी स्वतः हा शब्द आणला असता तर तो 'शावीश' होऊन येण्याची शक्यता जास्त. तो 'चाऊश' म्हणून आला, म्हणजे फारसी लिहिणाऱ्या दफ्तरातून आणि दख्खनी बोलणाऱ्या बाजारातून आला असावा. शेवटच्या 'श'चा 'स' मराठी कानानं केला.

मग आडनाव कधी झालं? इथे तुम्हाला बखर मिळणार नाही, हजेरीपट मिळतील. अरबी पद्धतीत आडनाव नसतंच. सालेह बिन अली बिन उमर अशी बापजाद्यांची साखळी असते. शाळेच्या रजिस्टरला साखळी चालत नाही. तिथे तीन रकाने: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मला भेटलेले एक निवृत्त शिक्षक आहेत, स्वतः चाऊस. मी त्यांना सर म्हणते. ते म्हणाले, "आमच्या वालिदांना मास्तरांनी विचारलं, आडनाव काय? वालिद गप्प. मास्तरांनीच लिहून टाकलं, चाऊस. गावात सगळे तेच म्हणायचे ना." एका माणसाची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे मला माहीत आहे. पण त्यांच्याच घरात धाकट्या काकांच्या दाखल्यावर टोळीचं नाव आहे आणि दोन्ही कागद मी डोळ्यांनी पाहिले. सख्खे भाऊ, दोन आडनावं.

'बिन'बद्दल एक गंमत सांगायची राहिली. तुम्हाला हा शब्द फक्त अरबांचा वाटत असेल. पण जुने मोडी कागद वाचून घ्या: कुणबी-पाटलांची नावं 'अमुक बिन तमुक', किंवा 'अमुक वलद तमुक' अशीच लिहिलेली असतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कपाटातले हे कागद एकदम बातम्यांत आले. हा अरबी 'बिन' मराठी शेतकऱ्याच्या नावात निवांत नांदून गेला आणि आता कुणाला आठवतही नाही. उलट चाऊस, जो अरबी नाही, तो अरबपणाची पाटी होऊन बसला. नावाचा मूळ अर्थ आणि नाव काय काम करतं, या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या असू शकतात.

आणि पाटीची किंमत मोजावी लागते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. निजामाच्या अरब पलटणी मोडल्या आणि प्रश्न उभा राहिला, हे लोक परदेशी की इथले? अनेकांना परत पाठवण्यात आलं. पण यातल्या कितीतरी जणांच्या आया, आज्या इथल्याच होत्या. अरब बाप आणि परक्या मुलखातली आई यांच्या संततीला हद्रमी लोक 'मुवल्लद' म्हणतात, म्हणजे तिकडे गेलं तर तेही पुरते आपले मानत नाहीत. नावात काय लिहिलंय यावर माणूस कुठला ते ठरायचं, असे ते दिवस होते. हे जुनंच आहे असंही नाही. तेव्हाच्या एकत्रित आंध्र प्रदेशात २००७ साली मागास मुस्लिम गटांना आरक्षण देणारा कायदा झाला. त्यात शेख आहेत, आणि वगळलेल्यांच्या यादीत सय्यद, मुघल, पठाण यांच्याबरोबर 'अरब' हा शब्द आहे. फॉर्मवर कोणता शब्द पडतो यावर पोराची फी ठरते.

आता लोकप्रियतेचं. मराठवाड्यात हे आडनाव इतकं सगळीकडे का भेटतं? पुण्या-मुंबईत लोक 'हे कुठलं बाई आडनाव?' असं विचारतात, आणि इथे प्रत्येक तालुक्यात चाऊस असतातच. एका घराण्याचा वंशवृक्ष फोफावला असं उत्तर मीही आधी दिलं असतं. खरं उत्तर साधं आहे. अनेक छोटे ओढे एका नावात सोडले की नदी मोठी दिसते. हैदराबादेत, बारकससारख्या वस्तीत (हे नाव इंग्रजी 'बॅरक्स'चं), अरब शेजारी अरबच असतात, त्यामुळे तिथे टोळीचं नाव विचारायला कुणीतरी असतं. आमच्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावात दोन-चार घरं. तिथे याफई आणि काथिरीतला फरक शेजाऱ्यांना काय कळणार आणि कशाला हवाय? माझं निरीक्षण असं, की वस्ती जितकी विरळ, तितकं 'चाऊस' पक्कं. आडनाव जास्त दिसतं ते माणसं जास्त म्हणून नव्हे, भेद कमी लिहिले गेले म्हणून.

तर माझ्या आकड्याचं काय झालं? पायलटमधल्या त्या चाऊस जोडप्यांकडे मी परत गेले. चहा, खजूर, पुन्हा चहा. आजोबांची टोळी विचारली तेव्हा निम्म्याहून जास्त जोडप्यांत दोन्हीकडची नावं वेगळी निघाली. ती लग्नं माझ्या सूत्रानं नात्यातली ठरवून टाकली होती. उलटही झालं: एक जोडपं, मुलाकडे चाऊस, मुलीकडे टोळीचं नाव, म्हणून मी 'नातं नाही' लिहिलेलं, ते सख्खे चुलत निघाले. म्हणजे चूक एका दिशेनं असती तर एखादा गुणक लावून दुरुस्त केली असती. ती दोन्ही दिशांनी होती. तो आकडा मी पोस्टरमधून काढला. कॉन्फरन्सला आठ दिवस राहिले होते आणि पोस्टर छापून झालं होतं, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

ज्यांना याच्यात खोल जायचंय त्यांनी उल्रिके फ्रायटाग आणि विल्यम क्लॅरन्स-स्मिथ यांनी संपादित केलेला १९९७ चा हद्रमींवरचा ग्रंथ बघावा; त्यात हैदराबादेतल्या अरबांवर ओमर खालिदी यांचा लेख आहे. मी तो जनुकशास्त्राच्या पन्नास पेपरांनंतर वाचला. आधी वाचायला हवा होता.

फॉर्म बदलला म्हणून एथिक्स कमिटीकडे पुन्हा अर्ज करावा लागला, त्यात दोन महिने गेले. आता 'आडनाव' या रकान्याखाली आणखी एक ओळ आहे: 'घरात, भाऊबंदांत स्वतःला काय म्हणवता?' नवा फॉर्म घेऊन मी सर्वांत आधी त्या निवृत्त सरांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, आडनावापुढे चाऊस लिहिलं, खालच्या ओळीवर थोडा वेळ पेन धरून बसले. मग एकामागून एक सात नावं लिहिली, मध्ये मध्ये बिन, शेवटी टोळी. रकाना संपला तसं कागद आडवा करून समासात लिहीत गेले.